फाईलच्या माथ्यावरचा मजकूर

मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या फाईलवर तारीख सापडली नाही, तरी पत्ता पुष्कळदा सापडतो. फाईलच्या माथ्यावर परवान्याचा छोटा मजकूर असे. परवान्याची प्रत मिळाली नसेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहा, असे सांगून त्याच्या शेवटी टपालाचा पत्ता दिलेला असे. हा पत्ता तीनदा बदलला. केंब्रिजमधला ६७५ मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू हा सर्वांत जुना. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बॉस्टनमधला ५९ टेंपल प्लेस येतो आणि २००५ पासून ५१ फ्रँकलिन स्ट्रीट. ते कार्यालयही २०२४ मध्ये बंद झाले. फ्रँकलिन स्ट्रीटचा पत्ता असलेला मजकूर २००५ च्या आधीचा असू शकत नाही, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही. मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूचा पत्ता दिसला म्हणून फाईल जुनीच, असे ठरत नाही, कारण कुणीतरी जुना मजकूर जसाच्या तसा उतरवून नव्या फाईलवर लावलेला असू शकतो. असे इतक्या वेळा घडले आहे की डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या पॅकेजांमधले दोष शोधणारा लिंटियन नावाचा प्रोग्राम परवान्याच्या नोंदीत जुना पत्ता दिसला की इशारा देतो. २००७ साली जीपीएल या फाउंडेशनच्या परवान्याची तिसरी आवृत्ती आली तेव्हा नमुन्याच्या मजकुरातून टपालाचा पत्ता गेला आणि त्या जागी संकेतस्थळाचा पत्ता आला.

इतक्या बारीक गोष्टीकडे लक्ष देण्याचे कारण असे की, एखादा प्रकल्प मुक्त आहे की नाही आणि त्याला सार्वजनिक सर्व्हरवर जागा द्यायची की नाही, हे ठरवणारी पडताळणी याच मजकुरापासून सुरू होते. ही पडताळणी कशी घडत गेली याची कागदपत्रे बऱ्यापैकी शिल्लक आहेत. परवान्यांच्या मूळ संहिता आहेत, मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम उभारू पाहणाऱ्या जीएनयू प्रकल्पाने आपल्या प्रकल्पचालकांना दिलेल्या सूचना आहेत, सॅव्हाना या सर्व्हरचे प्रवेशाचे नियम आहेत, सर्व्हर फोडले गेल्यानंतरची निवेदने आहेत आणि बदल नोंदवताना लिहिलेल्या टिपा आहेत. नियमांच्या पानांची एक अडचण आहे. ती सुधारत जातात आणि आजचे पान कालच्या पानावर बसते. म्हणून कालक्रम लावताना ज्यांच्यावर तारीख आहे अशा कागदांवर मी अधिक भिस्त ठेवली आहे.

पहिला तारखेचा कागद फेब्रुवारी १९८९ चा, जीपीएलच्या पहिल्या आवृत्तीचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा सप्टेंबर १९८३ मध्ये केली होती, फाउंडेशन ऑक्टोबर १९८५ मध्ये स्थापन झाले होते. तोपर्यंत जीएनयूच्या वेगवेगळ्या प्रोग्रामना वेगवेगळे परवाने होते. सगळ्यांना लावता येईल असा एक परवाना १९८९ मध्ये झाला. दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. या परवान्यांना एक परिशिष्ट आहे आणि ते कलमांइतकेच वाचण्यासारखे आहे. आपल्या नव्या प्रोग्रामला हा परवाना लावायचा असेल तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे: प्रत्येक सोर्स फाईलच्या सुरुवातीला सूचना लावणे सर्वांत सुरक्षित, आणि निदान कॉपीराइटची ओळ व पूर्ण सूचना कुठे आहे याचा निर्देश तरी प्रत्येक फाईलमध्ये असावा. पुढे ज्या पडताळणीने शेकडो नवख्या प्रकल्पचालकांना घाम फोडला, तिचे बीज या परिशिष्टात आहे.

प्रत्येक फाईल कशासाठी? एका ठिकाणी, दाराशीच, एक परवाना लावून का भागू नये? याचे उत्तर १९८९ च्याच दुसऱ्या एका तारखेत आहे. अमेरिकेने बर्न करारात सामील होण्यासाठी केलेला कायदा १ मार्च १९८९ पासून अमलात आला. त्याआधी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कृतीवर कॉपीराइटची सूचना नसेल तर हक्क गमावण्याचा धोका असे. त्या दिवसापासून सूचना ऐच्छिक झाली. लिहिले की हक्क लेखकाचा, मग तो सांगो वा न सांगो. भारतातही १९५७ च्या कायद्याखाली हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, आणि १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम त्या कायद्यात साहित्यकृतींच्या व्याख्येत आले. याचा परिणाम दूरगामी होता. कोऱ्या माथ्याच्या फाईलचा अर्थ आता 'परवानगी नाही' असा झाला. लेखकाच्या मनात उदारपणा असला, त्याने तो मित्रांना तोंडी सांगितलाही असला, तरी दहा वर्षांनी ती फाईल हाती येणाऱ्या परक्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. आणि फाईली सुट्या होतात. कुणी एका प्रकल्पातली एकच फाईल उचलतो, दुसऱ्या प्रकल्पात घालतो, दाराशी लावलेला परवाना मागे राहतो. फाउंडेशनने आपल्या स्पष्टीकरणात हीच भीती कारण म्हणून दिली आहे: परवान्यापासून कोड तुटण्याची.

जीएनयूच्या प्रकल्पचालकांना दिलेल्या सूचनांमध्ये यावरून एक मोजमाप आले. क्षुल्लक नसलेल्या प्रत्येक फाईलवर कॉपीराइटची आणि परवान्याची सूचना हवी. आणि दहा ओळींहून मोठी फाईल या कामापुरती क्षुल्लक धरायची नाही. दहा ओळी ही रेघ कुठेतरी ओढायचीच होती म्हणून ओढलेली आहे. पण रेघ असल्यामुळे वाद संपतो. पडताळणी करणाऱ्याला अर्जदाराच्या हेतूबद्दल काही म्हणावे लागत नाही, फाईलकडे बोट दाखवले की झाले.

परवान्याचा मजकूर माथ्यावर असला म्हणजे काम संपले असेही नव्हते, हे बर्कलीच्या प्रकरणात दिसते. बीएसडी या तिथल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या परवान्यात जाहिरातीचे एक कलम होते. त्या सॉफ्टवेअरचा उल्लेख करणाऱ्या कोणत्याही जाहिरातीत, हे कॅलिफोर्निया विद्यापीठात आणि सहकाऱ्यांनी विकसित केले आहे, असे वाक्य छापणे बंधनकारक होते. एका विद्यापीठापुरते हे सुसह्य होते. पण इतरांनी परवाना उतरवून घेताना विद्यापीठाच्या जागी आपापले नाव घातले. स्टॉलमन यांनी १९९७ च्या एका नेटबीएसडी आवृत्तीत अशी वाक्ये मोजली, ती ७५ भरली. हे कलम जीपीएलमध्ये नसलेली एक जादा अट घालत होते, त्यामुळे असा कोड जीपीएलखालच्या कोडशी जोडता येत नव्हता. २२ जुलै १९९९ रोजी बर्कलीने पत्र काढून ते कलम रद्द केले. ते पत्र आजही वाचायला मिळते, छोटे आणि निःसंदिग्ध आहे. मात्र ते विद्यापीठाच्या मालकीच्या कोडलाच लागू होते. ज्यांनी परवाना उतरवून त्यात आपले नाव घातले होते, त्यांच्या फाईलींवरचे कलम तसेच राहिले. म्हणून पडताळणी करणाऱ्याला 'बीएसडी परवाना' एवढे वाचून पुढे जाता येत नाही. कोणता बीएसडी, कुणाचा, चार कलमांचा की तीन, हे उघडून पाहावे लागते.

आता जागेची गोष्ट. नव्वदच्या दशकात जीएनयूचे सॉफ्टवेअर एमआयटीतल्या एका एफटीपी सर्व्हरवरून वाटले जाई. प्रकल्प चालवायला लागणारी बाकीची साधने, म्हणजे आवृत्त्यांचा साठा, टपालयादी, दोषांची नोंदवही, ज्याने त्याने आपापली उभी करायची. नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हीए लिनक्स सिस्टिम्स या कंपनीने सोर्सफोर्ज सुरू केले आणि हे सगळे कोणत्याही मुक्त प्रकल्पाला फुकट दिले. पुढच्याच महिन्यात, ९ डिसेंबरला, कंपनीचे शेअर बाजारात आले. ३० डॉलरला विकलेला शेअर पहिल्या दिवशी २३९ डॉलरच्या वर बंद झाला. दीड वर्षात तो फुगा फुटला, कंपनी यंत्रे विकण्याच्या धंद्यातून बाहेर पडली, आणि सोर्सफोर्ज चालवणारे सॉफ्टवेअर हीच तिची विकायची वस्तू उरली. ते सॉफ्टवेअर आधी जीपीएलखाली खुले होते. २००१ मध्ये कंपनीने त्याची पुढची वाटचाल बंद मालकीची केली.

याच सॉफ्टवेअरची एक प्रत फ्रेंच प्रोग्रामर लोईक दाशारी यांनी जीएनयू प्रकल्पासाठी बॉस्टनमधल्या एका सर्व्हरवर बसवलेली होती. सोर्सफोर्ज कुठे चालले आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये, युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या पानांवर, त्यांनी एक लेख लिहिला. या सगळ्या इतिहासात मला तो कळीचा कागद वाटतो. लेखातली तक्रार केवळ सॉफ्टवेअर बंद झाल्याची नाही. प्रकल्पांना आपली माहिती तिथून बाहेर काढण्याचे मार्ग आटत चालले आहेत, हा त्यातला गंभीर मुद्दा आहे. तोवर प्रश्न एकाच दिशेने विचारला जाई: प्रकल्प मुक्त आहे का? दाशारींनी तो यजमानाला विचारला. ज्या जागेत मुक्त प्रकल्प राहतात ती जागा मुक्त आहे का? शेवटच्या मुक्त प्रतींपैकी एक घेऊन त्यांनी तिची वेगळी शाखा काढली. तिला सॅव्हाना हे नाव पडले. जीएनयूचे अधिकृत प्रकल्प एका पत्त्यावर आणि बाहेरचे मुक्त प्रकल्प दुसऱ्या पत्त्यावर, अशी तिची विभागणी झाली, आणि ती आजही आहे.

सॅव्हानाचे प्रवेशाचे नियम सोर्सफोर्जहून कडक होते. सोर्सफोर्जला ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेला कोणताही परवाना चाले. सॅव्हानाला जीपीएलशी जुळणारा परवाना हवा. जीपीएलच लावला असेल तर 'किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती' हे शब्दही हवेत. त्यांच्याशिवाय केवळ दुसऱ्या आवृत्तीखाली अडकलेला कोड तिसऱ्या आवृत्तीखालच्या कोडशी कायद्याने जोडता येत नाही. प्रोग्राम पूर्णपणे मुक्त अशा एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालला पाहिजे आणि तो चालायला मालकीचे दुसरे काही लागता कामा नये. दस्तऐवजांनाही मुक्त परवाना हवा. चित्रे, आवाज अशा ज्या फाईलींच्या आत सूचना लिहिता येत नाही, त्यांची नोंद शेजारच्या रीडमी फाईलमध्ये हवी.

अर्ज आला की कोडचा गठ्ठा कुठे आहे त्याचा दुवा घेऊन एखादा स्वयंसेवक तो उतरवतो आणि फाईलीमागून फाईल उघडतो. त्याची निरीक्षणे अर्जाच्या नोंदीखाली सर्वांना दिसतील अशी लिहिली जातात आणि ती तशीच राहतात. हा सगळा पत्रव्यवहार म्हणजे एका मोठ्या कामाची रोजकीर्द आहे. त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: अमुक फाईलींवर सूचना नाही, परवान्याची पूर्ण प्रत गठ्ठ्यात नाही, हे चिन्ह कुठून घेतले ते सांगा, ही लायब्ररी मुक्त आहे का ते पाहा. अर्जदाराने दुरुस्ती करून पुन्हा गठ्ठा पाठवायचा, पुन्हा तपासणी. आठवडे जातात. पुष्कळ जण कंटाळून दुसरीकडे गेले असतील आणि त्यांचा कंटाळा मला समजतो. पण सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत जमीन आपली म्हणता येत नाही, तसे इथे आहे. ज्या फाईलचा उगम आणि परवाना लेखी नाही, ती वापरण्याचे स्वातंत्र्य केवळ ऐकीव आहे. स्वयंसेवक ते ऐकीव स्वातंत्र्य लेखी करून घेतो. हे काम फुकट करणाऱ्या या माणसांची नावे कुठे झळकत नाहीत, पण मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने त्यांना स्थान द्यायला हवे.

मालकीचे काही लागता कामा नये, या अटीचा खरा कस जावाने लागला. स्टॉलमन यांनी एप्रिल २००४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात हा सापळा दाखवला: जावात लिहिलेला प्रोग्राम स्वतः मुक्त परवान्याखाली असेल, पण सन कंपनीची मालकीची जावा प्रणाली नसेल तर तो मुक्त संगणकावर चालतच नाही. अशा प्रकल्पचालकाने आपल्या बाजूने काहीही लपवलेले नसे, त्याच्या फाईलींवर सूचनाही व्यवस्थित असत. पुढे सनने नोव्हेंबर २००६ मध्ये जावा जीपीएलखाली देण्याची घोषणा केली आणि मे २००७ मध्ये ओपनजेडीके आले. ज्या प्रोग्रामला २००४ मध्ये नकार मिळाला असता, तोच प्रोग्राम, त्यातली एक ओळही न बदलता, काही वर्षांनी पात्र ठरू शकत होता. निकाल प्रकल्पाबद्दल जितका असतो तितकाच त्याच्या भोवतालच्या काळाबद्दलही असतो, आणि म्हणून अशा निकालांवर तारीख हवी.

वेगवेगळ्या दारांवर निकाल वेगळाही लागे. जीएनयूने दस्तऐवजांसाठी केलेल्या परवान्यात काही प्रकरणे 'अपरिवर्तनीय' म्हणून राखून ठेवण्याची सोय आहे. जुलै १९९७ मध्ये आपला सामाजिक करार स्वीकारलेल्या डेबियनने मार्च २००६ मध्ये यावर मतदान घेतले आणि ठरवले की असे राखीव भाग नसतील तर दस्तऐवज मुक्त, असतील तर नाही. त्यामुळे ईमॅक्सची माहितीपुस्तिका, जी जीएनयूच्या घरची, ती डेबियनमध्ये 'मुक्त नसलेल्या' विभागात गेली. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे वाचन केले होते. माझा कौल डेबियनच्या बाजूने पडतो. पुस्तिकेत बदल करण्याचे स्वातंत्र्य प्रोग्रामइतकेच खरे असेल, तर राखीव प्रकरण त्याला मर्यादा घालतेच.

मराठी वाचकाच्या जवळचे एक उदाहरण सॅव्हानावरच आहे. फ्रीफाँट नावाचा जीएनयूचा फाँटसंच २००२ मध्ये स्लोव्हेनियातल्या प्रिमोश पेतरलिन यांनी सुरू केला. जगातल्या जास्तीत जास्त लिप्या एका मुक्त संचात आणणे हा त्याचा उद्देश. सगळी अक्षरे नव्याने काढणे शक्य नव्हते, म्हणून जिथे जिथे मुक्त परवान्याखाली अक्षरे मिळाली तिथून ती घेतली. अशा प्रकल्पाची पडताळणी सर्वांत अवघड, कारण एकाच फाईलमध्ये डझनांनी लोकांचे काम असते. संचाबरोबर दिलेली ऋणनिर्देशाची फाईल या अडचणीचे उत्तर आहे. तिच्यात लिपीगणिक, युनिकोडच्या पट्ट्यागणिक, अक्षरे कुणाकडून आली आणि कोणत्या अटींवर, याची नोंद आहे. लॅटिन अक्षरांचा पाया यूआरडब्ल्यू या जर्मन कंपनीने जीपीएलखाली दिलेल्या फाँटांचा. देवनागरीसाठी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले फ्रान्स वेल्टहाउस यांचे नाव येते. त्यांनी १९९१ मध्ये टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी मेटाफाँटमध्ये देवनागरी तयार करून मुक्तपणे दिली होती. हर्ष कुमार यांच्या भारतभाषा या उपक्रमाचे नाव येते, ज्याने हिंदी, मराठी, गुजराती, गुरुमुखी आणि बांगला यांच्यासाठी फुकट फाँट आणि साधने दिली. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत जिचे आकृती सॉफ्टवेअर सर्रास असे त्या सायबरस्केप मल्टिमीडिया कंपनीचाही उल्लेख आहे, कारण तिने नऊ भारतीय लिप्यांचे फाँट जीपीएलखाली खुले केले.

ही फाईल मला एखाद्या ताम्रपटाच्या मोलाची वाटते. भारतीय लिप्यांच्या संगणकीय इतिहासाबद्दल आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात, पण कुणाचे काम कुणाच्या हातून कुठे गेले याचा लेखी माग फार थोड्या ठिकाणी आहे. इथे तो आहे, आणि तो कोणा इतिहासकाराने ठेवलेला नाही. परवान्याच्या गरजेने ठेवला गेला. फाँटांमुळे परवान्यालाही एक कलम वाढवून घ्यावे लागले. एखाद्या पीडीएफमध्ये जीपीएलखालचा फाँट अंतर्भूत झाला तर तो अख्खा दस्तऐवज जीपीएलखाली येतो का, असा प्रश्न निघाला. फाउंडेशनने २००५ मध्ये त्यावर खुलासा लिहून फाँटांसाठी वेगळ्या अपवादाचा मजकूर दिला: फाँट दस्तऐवजात घातल्याने त्या दस्तऐवजावर हा परवाना लागू होणार नाही. फ्रीफाँटने तो अपवाद जोडला आहे.

भारतात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला झाली, म्हणजे सोर्सफोर्जचे सॉफ्टवेअर बंद मालकीचे झाले त्याच वर्षी. पुढे तिचे अध्यक्ष झालेले नागार्जुन जी. हे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले. त्यांच्या तिथल्या गटाने ज्ञानाचे जाळे मांडण्यासाठी केलेले ग्नोसिस हे सॉफ्टवेअर जीएनयूचे अधिकृत पॅकेज झाले आणि सॅव्हानावर ठेवले गेले. मानखुर्दच्या या केंद्रात लिहिलेल्या फाईलींच्या माथ्यावर तोच मजकूर लागला.

सूचना फाईलचा धनी सांगते. फाईलमध्ये मधल्या मध्ये कुणी हात घातला का, हे ती सांगत नाही. हा फरक २००३ साली कठोरपणे समोर आला. त्या वर्षी मार्चमध्ये जीएनयूच्या एफटीपी सर्व्हरवर कुणीतरी घुसखोरी केली होती आणि ती उघडकीला आली जुलैच्या अखेरीस. १३ ऑगस्टला सर्ट या सुरक्षा संस्थेने त्यावर जाहीर इशारा काढला. चार महिने जगातला मोठा मुक्त साठा शंकेच्या छायेत होता. फाउंडेशनने खात्री पटलेल्या फाईलींच्या तपासबेरजा प्रसिद्ध केल्या आणि ज्यांची खात्री होत नव्हती त्या प्रकल्पचालकांनी आपल्याकडच्या प्रतींशी ताडून पाहाव्यात असे ठरले. हे निस्तरते तोच १ डिसेंबरला सॅव्हाना फोडले गेल्याचे कळले. घुसखोरी २ नोव्हेंबरच्या सुमाराची होती. डेबियनचे सर्व्हरही त्याच महिन्यात आणि लिनक्स कर्नेलमधल्या त्याच भेगेतून फोडले गेले होते. सॅव्हाना अनेक आठवडे बंद राहिले. जीएनयूच्या साठ्यावर नवी आवृत्ती चढवायची तर प्रकल्पचालकाची सांकेतिक सही हवी, हा नियम या धक्क्यांनंतर रुजला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सॅव्हानाच्या डेटाबेसवर पुन्हा हल्ला झाला, पासवर्डांचे सांकेतिक ठसे चोरीला गेले आणि जुन्या प्रतीवरून सर्व्हर उभा करावा लागला. निवेदनांत घडलेले लपवलेले नाही. तारखा, मार्ग, नुकसान, सगळे सांगितले आहे. प्रकल्पचालकांनी आपल्या प्रती पडताळायच्या तर त्यांना हे कळणे भागच होते.

२००३ नंतरच्या मतभेदांतून मूळ सॅव्हाना चालवणाऱ्यांपैकी काहींनी २००४ मध्ये फ्रान्समध्ये ग्ना नावाचा वेगळा सर्व्हर काढला. तो २०१७ मध्ये बंद झाला. गूगलने २००६ मध्ये प्रकल्पांसाठी जागा दिली ती मोजक्याच परवान्यांना. परवाने वाढत गेले तर गोंधळ वाढतो, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी होती, पण त्यामुळे जीपीएलच्याच जातकुळीतल्या अफेरो जीपीएल या परवान्याला तिथे २०१० पर्यंत दार बंद राहिले. जानेवारी २०१६ मध्ये गूगलचा तो विभागच बंद झाला. गिटोरियस २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स २०१७ मध्ये. तिथले प्रकल्प दुसरीकडे हलवले गेले तेव्हा दोषांच्या नोंदी आणि चर्चा पुष्कळशा गळाल्या. फाईलींवरचा मजकूर फाईलींबरोबर गेला.

२००८ मध्ये आलेल्या गिटहबने दार पूर्ण उघडे ठेवले. परवाना सांगायची सक्ती नाही, तपासणी नाही. तिथे प्रकल्प लाखोंनी जमले, आणि मार्च २०१५ मध्ये गिटहबनेच दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक साठ्यांपैकी जेमतेम पाचांत एकावर परवाना होता. बाकीचे सगळे १ मार्च १९८९ नंतरच्या अर्थाने मुके. लोकांना वाटत होते की उघड्यावर ठेवले म्हणजे दिले.

दाशारींनी विचारलेल्या प्रश्नाला नियमांचे रूप याच सुमारास मिळाले. जीएनयूने जागा देणाऱ्या सेवांसाठी निकष लिहिले आणि एप्रिल २०१६ मध्ये फाउंडेशनने त्यांवर पहिले निकाल जाहीर केले. सॅव्हानाला 'ए', गिटलॅबला 'सी', गिटहब आणि सोर्सफोर्ज दोघांना नापास. निकषांची उतरंड वाचण्याजोगी आहे. किमान पायरीवर काय आहे? मालकीची जावास्क्रिप्ट न चालवता सेवेची महत्त्वाची कामे करता आली पाहिजेत, आणि कोणत्याही देशाच्या वापरकर्त्याला वगळलेले चालणार नाही. दुसऱ्या अटीमागे घडलेला प्रसंग आहे: जानेवारी २०१० मध्ये सोर्सफोर्जने अमेरिकी निर्बंधांपोटी क्युबा, इराण, उत्तर कोरिया, सुदान आणि सीरिया या देशांना दार बंद केले होते. निकषांनंतर २०१९ मध्ये गिटहबनेही इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या वापरकर्त्यांवर मर्यादा घातल्या. मधल्या पायरीवर, परवाना न लावण्यासारख्या वाईट सवयींना यजमानाने उत्तेजन देऊ नये ही अट आहे. 'ए' पायरीवर सर्व्हरचा सगळा कोड मुक्त हवा, आणि प्रत्येक क्षुल्लक नसलेल्या फाईलवर तिचा परवाना स्पष्ट लिहिलेला असावा असा यजमानाचा आग्रह हवा. १९८९ च्या परिशिष्टात लेखकाला दिलेला सल्ला इथे यजमानाची जबाबदारी झाला आहे.

हा आग्रह बारकाव्यात रमणाऱ्या मूठभरांचा होता असे कुणाला वाटेल, तर लिनक्स कर्नेलचा नोव्हेंबर २०१७ मधला एक बदल पाहावा. कर्नेल सॅव्हानावर नाही, आणि तो केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असल्याने तिथल्या नियमांत बसलाही नसता. पण पाव शतकात त्याच्याही हजारो फाईली कोऱ्या माथ्याने जमा झाल्या होत्या. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या सगळ्यांवर एसपीडीएक्स पद्धतीची एका ओळीची परवाना-खूण लावली. बदलासोबतच्या टिपेत रीत सविस्तर सांगितली आहे. कर्नेलच्या ४.१३ आवृत्तीपासून सुरुवात केली, ६०,५३७ फाईली तपासल्या, आणि दोन शोधक प्रोग्रामांचे निकाल केट स्ट्युअर्ट यांनी फाईलीमागून फाईल ताडून पाहून निर्णय दिला. फिलिप ओंब्रेदान आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी ते निर्णय पुन्हा तपासले. मे आणि जून २०१९ मध्ये ग्लाइक्सनर यांनी पुढचा टप्पा घेतला: ज्या फाईलींवर जुना लांबलचक मजकूर होता तो काढून त्या जागी एक ओळ. वर्षानुवर्षे उतरवताना त्या मजकुराचे इतके पाठभेद झाले होते की प्रत्येक पाठासाठी वेगळा नियम लिहावा लागला. बदलांच्या शीर्षकांत त्या नियमांचे क्रमांक आहेत आणि ते ५०० पर्यंत जातात.